उतू जाण्याआधी: स्वमग्न मुलाचा ‘ओव्हरलोड’ वेळेत कसा ओळखावा

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदूरला, लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. नातू स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. तेव्हा तो पाच वर्षांचा. पुढच्या खोलीत तीसेक बायका, स्वयंपाकघरात आंब्याच्या डाळीसाठी मिक्सर सुरू, दारात गुलाबपाण्याचा शिडकावा, प्रत्येकीच्या मनगटाला अत्तर, मोगऱ्याचे गजरे, आणि या सगळ्यावर बांगड्यांचा आणि बोलण्याचा गलका. साडेसहाला सुरुवात झाली. सव्वासातला नातवाने पन्ह्याच्या पेल्यांचं तबक उलथवलं, अंगातला झब्बा ओढून काढला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. ‘‘आत्ता तर चांगला होता, एकदम काय झालं याला?’’ कुणीतरी विचारलं. मीही मनात तेच विचारत होते.

रात्री तो झोपल्यावर सून आणि मी स्वयंपाकघरात बसलो आणि ती संध्याकाळ मिनिटामिनिटाने आठवत मागे गेलो. पहिल्या चार-पाच जणी आल्या तेव्हाच तो चवड्यांवर चालायला लागला होता. मी पाहिलं होतं. पावणेसातला एकाच सुरात गुणगुणणं सुरू झालं. बायका म्हणाल्या, गातोय बघा किती गोड. सातच्या सुमाराला तो तीन-चारदा माझ्याकडे येऊन ‘‘कचरागाडी केव्हा?’’ विचारून गेला. कचरागाडी सकाळी येते, हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. मी ‘‘उद्या रे बाळा’’ म्हणून त्याला वाटेला लावलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या सुनेला दिसल्या होत्या. तिला वाटलं, उन्हाळा आहे. म्हणजे पाऊण तास तो सांगत होता. एकदम असं काहीच झालेलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी शिकायला लागले. मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, आणि नातवाचे आईवडील दोघंही नोकरीला असल्याने शाळेनंतरचा त्याचा वेळ माझ्याजवळ जातो. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजचे व्यवहार जमावेत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून, ज्यांना आम्ही घरात ‘ओटीताई’ म्हणतो, जे शिकले आणि स्वतः जे पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना, आणि विशेषतः माझ्यासारख्या आज्या-आजोबांना, याचा उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं.

आधी, आत काय चाललेलं असतं

आपण पोहे खात गप्पा मारतो तेव्हा पंख्याची घरघर, कॉलरची शिवण, शेजारच्या फोडणीचा वास, ट्यूबलाइटचा उजेड, हे सगळं आपल्यापर्यंत येतच असतं. मेंदू त्यातलं बहुतेक बाजूला टाकतो आणि समोरच्याचं बोलणं तेवढं पुढे ठेवतो. स्वमग्न मुलांच्या बाबतीत ही निवड वेगळ्या तऱ्हेने होते. कित्येकदा सगळंच एका मापाने आत येतं आणि साठत जातं. साठण्याची हद्द संपली की जे होतं त्याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातही व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र यांनी घाबरणारी मुलं आहेत. तरी ही संवेदनशीलता निदानाच्या निकषांत स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं. त्या वर्षी आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद, असे दोन्ही प्रकार नोंदले आहेत. दोन्ही, हे लक्षात ठेवा. आमच्या नातवाला बनियनचं लेबल सहन होत नाही, पण गुडघा फुटून रक्त आलं तरी तो खेळत राहतो.

आणखी एक: संवेदना पाचच नाहीत. शरीराचा तोल सांभाळणारी, सांधे-स्नायूंतून हातपाय कुठे आहेत ते कळवणारी, आणि भूक, लघवी, छातीतली धडधड कळवणारी, अशा आणखी तीन आहेत. पोट साफ नसणं हाही त्या मुलाच्या दृष्टीने एक आवाजच असतो, फक्त तो आपल्याला ऐकू येत नाही.

भार वाढला की शरीर संकट आल्यासारखं वागतं. नाडी वाढते, तळहात घामेजतात, बाहुल्या मोठ्या होतात, पचन मंदावतं. त्यामुळे बऱ्याचदा पहिली चिन्हं शरीरावर उमटतात आणि वागण्यात नंतर येतात. आपण मात्र वागणं बिघडेपर्यंत थांबतो.

पहिली पायरी: मूल शांत असतं तेव्हा कसं असतं ते पाहा

बहुतेक पालक ही पायरी गाळतात, कारण शांत दिवशी आपल्यालाही जरा टेकायचं असतं. पण नेहमीचं माहीत नसेल तर वेगळं ओळखणार कसं? आठवडाभर रोज दहा मिनिटं नुसतं बघा. आवाजाची पट्टी किती असते, चालताना टाच टेकते का, हात काय करतात, जेवताना कुठे बघतो, एका वाक्यात किती शब्द बोलतो.

स्टिमिंग, म्हणजे हात फडफडवणं, झुलणं, गोल फिरणं, गुणगुणणं, याला चिन्ह समजून घाबरू नका आणि ते थांबवूही नका. ती त्या मुलाची स्वतःला सावरण्याची रीत असते, कधी आनंदाचीही असते. बघायचा असतो तो त्यातला बदल. आमचा नातू खुशीत असला की हात कोपरापासून मोकळे हलवतो, पंखासारखे, आणि नजर वर असते. ताण चढायला लागला की तेच हात छातीजवळ येतात, बोटं आत वळतात आणि नुसतं मनगट हलत राहतं, भरभर. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटेल. मला ओळखायला दोन महिने लागले.

दुसरी पायरी: कुठे बघायचं

ओटीताईंनी मला पहिल्यांदा सांगितलं ते असं: ‘‘आजी, चेहऱ्यावरचे भाव शोधू नका.’’ पुष्कळ स्वमग्न मुलांच्या चेहऱ्यावर त्रास आपल्या ओळखीच्या रूपात येत नाही. काही मुलं ताण आला की हसत सुटतात, आणि घरातले म्हणतात मजेत आहे. ते हसू सुरात नसतं, कशाला धरून नसतं, थांबत नाही. असं हसू आलं तर उठून जवळ जा.

मी वरून खाली बघत येते. कान लाल झाले का. डोळ्यांची उघडझाप वाढली का, नजर एका जागी थिजली का, की तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला लागला. ओठ चावणं, कॉलर किंवा बाही चघळणं. खांदे कानांकडे चढणं. हे फार खात्रीचं चिन्ह आहे आणि पाठमोऱ्या मुलातही दिसतं. तळहात ओले आहेत का, ते हात धरला की कळतं. मग पाय: चवड्यांवर चालणं, भिंतीला घासून चालणं, माणसांत मुद्दाम आपटणं. आपटणाऱ्या मुलाला आपण धसमुसळा म्हणतो, पण स्नायूंवर दाब मिळाला की काही मुलांना सावरल्यासारखं वाटतं आणि तो दाब ती शोधत असतात.

बोलणाऱ्या मुलांत भाषा लवकर बदलते. लांब वाक्यं बोलणारं मूल दोन शब्दांवर येतं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि उत्तर देऊनही येतो, कारण त्याला उत्तर नको असतं. ठाऊक असलेली एक गोष्ट हाताशी धरून ठेवायची असते. त्याची ‘कचरागाडी केव्हा’ ही तशीच. टीव्हीवरच्या जाहिरातींची वाक्यं, कुणाचे तरी जुने शब्द जसेच्या तसे यायला लागतात. काही मुलं हुकूम सोडायला लागतात: तू इथेच बस, दार लाव, पंखा बंद कर, ती पिशवी उचल. घरात यावरून किती वाद झाले असतील! ‘लाडावलंय’ असं ऐकून सुनेने किती वेळा डोळे पुसले आहेत. बाहेर काहीच आवरेनासं झालं की मूल जेवढं हाताशी आहे तेवढं आवरू बघतं, एवढाच त्याचा अर्थ.

बोलत नसलेल्या मुलांत आवाज ऐका. गुणगुणण्याची पट्टी चढते. हात धरून दाराकडे नेतात, चपला आणून देतात, पलंगाखाली किंवा कपाटामागे शिरतात. पुन्हा पुन्हा संडासात जाऊन बसणारं मूलही मी पाहिलं आहे. घरात तेवढी एकच खोली शांत, लहान आणि कडी लागणारी असते.

आता जे सगळ्यात जास्त निसटतं ते. काही मुलं उधळत नाहीत, विझतात. एका जागी बसून राहतात, हाकेला ओ देत नाहीत, हात थंड, डोळे अर्धे मिटलेले. लग्नाच्या हॉलमध्ये असं मूल कोपऱ्यात दोन तास बसलं की नातेवाईक म्हणतात, किती शहाणं बाळ. याला शटडाऊन म्हणतात, आणि भार तितकाच असतो. मुलींमध्ये दिवसभर बाहेर सगळं दाबून ठेवून घरी आल्याबरोबर फुटणं जास्त आढळतं, मुलांतही असतं. शाळा म्हणते, आमच्याकडे काहीच त्रास नाही. घरी चपला काढायच्या आत आकांत. अशा वेळी शाळेत सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. शाळेतला भारच तिथे उतरत असतो.

तिसरी पायरी: कालनिर्णयवर नोंद

वही मी दोनदा केली आणि दोनदा हरवली. शेवटी कालनिर्णयच्या चौकटीतच लिहायला लागले, दुधाच्या हिशेबाशेजारी. ओव्हरलोडच्या दिवशी फुली, बाजूला वेळ, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात जे घडलं ते दोन-तीन शब्दांत. ‘मिक्सर, पाहुणे.’ ‘नवा बूट.’ ‘केस कापले.’ रात्रीची झोप आणि पोट साफ झालं की नाही, यांना दोन ठिपके. एवढंच. यापेक्षा जास्त लिहायचं ठरवलंत तर चौथ्या दिवशी बंद पडेल.

तीन आठवड्यांनी मी ते पान भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं, आणि फुल्या बघून गप्प झाले. जवळजवळ एकाआड एक दिवस. इंदूरकरांना लगेच कळेल. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवस येतं. पाणी आलं की आम्ही मोटर लावतो. मोटर ज्या भिंतीला टेकून आहे तिच्या पलीकडे नातवाचा पलंग. पहाटे अर्धा-पाऊण तास ती घरघर त्याच्या उशीखालून जात होती आणि आम्हाला तो आवाज म्हणून आठवतसुद्धा नव्हता. मूल त्या दिवशी अर्धं भरूनच उठायचं. संध्याकाळच्या मिक्सरने फक्त शेवटचा थेंब टाकलेला असायचा. आम्ही पलंग समोरच्या भिंतीला हलवला, मोटरखाली जाड रबर घातलं. फुल्या बंद झाल्या नाहीत, पण निम्म्याने कमी झाल्या.

म्हणून सांगते, कारण नेहमी अर्ध्या तासातच सापडेल असं नाही. सकाळपासूनचं बघा. भार दिवसभर साठतो, कधी दोन दिवस साठतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरात काहीच नसताना मूल कोसळतं, ते याच कारणाने.

आवाजाचीच गोष्ट निघाली तर थोडं मोजमाप. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, मिक्सर ८० च्या पुढे जातो. हा फरक वीसने जास्त असा साधा नसतो. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. आणि उजेड: जुन्या, जड चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला दिसत नाही, काही मुलांना तो खुपतो. अशी ट्यूब घरात असेल तर चांगल्या प्रतीचा एलईडी लावून आठवडाभर फरक पडतो का ते बघा. खर्च थोडा आहे.

चौथी पायरी: चिन्हांचा क्रम लावा

दूध तापवताना आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, मग सायीला सुरकुती पडते, मग ते वर चढतं. चढायला लागलेलं दूध फुंकर मारून थांबत नाही. मुलाच्या चिन्हांनाही असाच क्रम असतो, आणि तो प्रत्येक मुलाचा स्वतःचा असतो. आमच्या नातवाचा असा आहे: चवडे आणि लाल कान हे कडेचे बुडबुडे. गुणगुणणं, प्रश्न, छातीशी आलेले हात ही सुरकुती. कपडे ओढणं सुरू झालं की दूध चढलं. तिथून आमच्या हातात एक-दोन मिनिटं असतात.

हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. आजोबा, कामवाल्या मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांना तो माहीत हवा. आमच्याकडे आता मावशीच कधी कधी हाक मारतात, ‘‘आजी, कान बघा.’’

पाचवी पायरी: पहिलं चिन्ह दिसताच काय करायचं

पहिलं चिन्ह दिसलं की हातातलं काम टाका. गॅस बंद करा. कणीक वाळली तर वाळू द्या.

आधी स्वतःचा आवाज खाली आणा. मग एक गोष्ट कमी करा, जी कमी करता येईल ती: मिक्सर, टीव्ही, दिवा. सगळं बंद करायची धावपळ करू नका, ती धावपळच नवा भार होते. बोलायचं असेल तर तीन शब्दांत: ‘‘चल, मागे अंगणात.’’ ‘‘काय झालं, कुठे दुखतंय, सांग ना, माझ्याकडे बघ’’ ही आपली सवयीची माया त्या क्षणी दगडासारखी लागते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर शोधावं लागतं आणि उत्तर शोधणारी यंत्रणाच दमलेली असते.

हळुवार पाठीवरून हात फिरवू नका. हलका स्पर्श बऱ्याच मुलांना टोचतो. आवडत असेल तर घट्ट दाब द्या: दोन्ही खांद्यांवर तळहात ठेवून, किंवा गोधडीत गुंडाळून, चेहरा पूर्ण मोकळा ठेवून, आणि सुटायचं म्हटलं की लगेच सुटेल अशा बेताने. वजनदार ब्लँकेट ऑनलाइन मिळतात. ती ओटीला विचारल्याखेरीज आणू नका, लहान मुलासाठी तर नकोच.

जड काम फार उपयोगी पडतं. पाण्याची अर्धी बादली झाडांपर्यंत नेणं, गव्हाचा डबा ढकलणं, कणीक तिंबणं, भिंत दोन्ही हातांनी रेटणं. खायला कुरकुरीत काही: कुरमुरे, गाजर, खाखरा. किंवा नळीने ओढून प्यायचं घट्ट ताक. चघळण्याने आणि ओढण्याने जबड्यावर दाब येतो आणि पुष्कळ मुलं निवतात.

घरात एक ठरलेली जागा हवी. आमची पलंग आणि कपाट यांच्यामधली दोन हातांची फट आहे. तिथे गोधडी, एक उशी, कान झाकायचे इअरमफ. त्या जागी त्याला कुणीही रागावून पाठवायचं नाही, हा घरातला नियम आहे. शिक्षेची जागा आणि विसाव्याची जागा एक झाली की मूल तिथे जाणं सोडतं. इअरमफ गर्दीत, फटाक्यांत, मिक्सरपुरते वापरा. दिवसभर घातले तर कानांना शांततेची सवय होऊन साधे आवाजही जास्त लागू शकतात.

आणि पाहुणे. इंदूरची माणसं प्रेमळ आहेत, पण ‘‘अरे कुछ नहीं होता, इधर लाओ बच्चे को’’ म्हणत मूल हातातून घेणारीही पुष्कळ. माझं एक वाक्य पाठ आहे: ‘‘त्याला दहा मिनिटं शांतता हवी आहे, आम्ही येतोच.’’ यापुढे खुलासा करत नाही. खुलासा करेपर्यंत दूध वर आलेलं असतं.

गेलंच हाताबाहेर तर

मग शिकवणं, समजावणं, दरडावणं सगळं बंद. डोक्याखाली उशी सारा, टोकदार वस्तू हलवा, बघ्यांना बाहेर काढा, आणि जवळ पण थोडं बाजूला बसून राहा. हा हट्ट आहे की ओव्हरलोड, असं विचारतात. हट्ट करणारं मूल कुणी बघतंय का ते पाहतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. ओव्हरलोड झालेल्या मुलाला आवडती गोष्ट हातात दिली तरी ती फेकली जाते. शंका असेल तर ओव्हरलोड समजूनच वागा; चूक झालीच तरी त्या बाजूने झालेली बरी.

नंतर मूल गळून जातं, कधी दोन-तीन तास झोपतं. उठल्यावर ‘‘मघाशी असं का केलंस?’’ विचारू नका. पाणी, ओळखीचं खाणं, आणि त्या दिवशीचा उरलेला कार्यक्रम रद्द.

इंदूरचे सणवार

आमचं गाव सणांना घराबाहेर येतं. रंगपंचमीला राजवाड्याजवळून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरमधून रंगीत पाणी आणि यंत्रांतून गुलाल चार-चार मजले वर उडतो. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या पाहिल्या आहेत. नातवाला हे सगळं मिळू नये असं मला कसं वाटेल? पण गेर तो टीव्हीवर बघतो, आवाज बंद करून, हातात गुलालाची छोटी पुडी घेऊन. राजवाडा आम्ही रविवारी सकाळी सातला बघतो, कबुतरं आणि आम्हीच. सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागायला सुरुवात होते तेव्हाच जातो, एक भुट्ट्याचा कीस घेतो, आणि गर्दी जमायच्या आत माघारी. वीस मिनिटांची सहल पूर्ण सहल असते.

कुठेही जाताना तीन गोष्टी आधी ठरवा: बाहेर पडायची वाट कुठली, गाडी कुठे लावली की लगेच काढता येईल, आणि दोघांपैकी कोण मुलाबरोबर निघेल. मागे राहणाऱ्याने वाईट वाटून घ्यायचं नाही.

दिवाळीबद्दल एवढंच. रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवायला बंदी आहे, आणि फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मी दरवर्षी धनत्रयोदशीला गल्लीतल्या पोरांना घरी बोलावते, चिवडा देते आणि नातवाबद्दल सांगते. लक्ष्मीपूजनाला ती पोरं सुतळी बॉम्ब घेऊन मैदानाच्या टोकाला जातात. नियम सांगण्यापेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

डॉक्टरकडे केव्हा

ओव्हरलोड एकाएकी वाढले, आठवड्याला एक होते ते रोज व्हायला लागले, तर आधी शरीर तपासा. कान, दात, बद्धकोष्ठ, जंत, झोप. दुखणं सांगता न येणाऱ्या मुलाचं दुखणं याच रूपात बाहेर येतं. एकदा आमच्या पंधरा दिवसांच्या फुल्यांच्या मुळाशी किडलेली दाढ निघाली.

मूल मध्येच थिजत असेल, हाकेला, स्पर्शाला काहीच प्रतिसाद नसेल, पापण्या फडफडत असतील किंवा ओठ चावत्या हालचाली करत असतील, तर त्याला शटडाऊन म्हणून सोडून देऊ नका. स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण जास्त असतं. मोबाइलवर चित्रीकरण करा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. डोक्याला जोरात मार लागला, उलटी झाली, सुस्ती आली, तर थेट इस्पितळात.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा. शाळेत वेगळी बसायची जागा, प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकरपासून दूर उभं राहण्याची सवलत मागताना ते हाताशी असलेलं बरं. चिन्हांचा फ्रिजवरचा कागद वर्गशिक्षिकेलाही द्या. पहिल्या शाळेने तो कागद न वाचता परत केला होता. आताच्या बाईंनी तो हजेरीपटात ठेवला आहे.

शेवटची पायरी: खूण त्याच्या हातात द्या

आपण जन्मभर त्याचे कान बघत बसणार नाही. म्हणून पहिलं चिन्ह त्याचं त्याला ओळखू यावं, यासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी एक खूण ठरवली: माझा पदर दोनदा ओढायचा, म्हणजे ‘बाहेर जायचं’. आई असली तर ओढणी, बाबा असले तर शर्टाची बाही. सराव शांत वेळी केला, खेळासारखा. पदर ओढला की मी बोलणं अर्ध्यात तोडून उठायचे आणि आम्ही मागच्या पेरूखाली जायचो. रोज पाच वेळा, जवळजवळ महिनाभर. कान तापलेले दिसले की मी म्हणायचे, ‘‘कान गरम,’’ आणि त्याचा हात त्याच्या कानावर ठेवायचे.

दुसऱ्या महिन्यात त्याने पदर ओढायला सुरुवात केली ती गणिताच्या वेळी. चौथ्यांदा ओढला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, ‘‘आई, तो तुला फसवतोय.’’ असेलही. पण मी उठले, प्रत्येक वेळी उठले. खूण खरी की खोटी हे मी ठरवायला लागले असते तर जेव्हा खरंच गरज पडली तेव्हा त्याने ती वापरली नसती. ओटीताईंनीही हेच सांगितलं: सुरुवातीला दर वेळी मान द्या, गणित नंतर बघू.

यंदाच्या चैत्रात पुन्हा हळदीकुंकू केलं. बायकांना दोन तुकड्यांत बोलावलं, डाळ दुपारीच वाटून ठेवली, अत्तर काढलं नाही. पहिली तुकडी बसली असताना मी ओट्या भरत होते, आणि मागून पदराला दोन हिसके बसले. तांदळाचं सूप शेजारणीच्या हातात दिलं आणि उठले. पेरूखाली आम्ही पन्हं प्यालो. त्याने स्वतःच्या कानाला हात लावला, माझ्या कानाला लावला, आणि म्हणाला, ‘‘आजीचे गार.’’